सणसरला न पोचलेला अर्धा उपदेश

पाळकाला आठवड्यातून एकच दिवस काम असतं आणि तेही दुपारच्या जेवणापर्यंत, असं माझ्या मेव्हण्याचं ठाम मत होतं. तो बारामती एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबायचा, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. आता मी निवृत्त झालो, तोही झाला. संध्याकाळी दोघं ओट्यावर चहा घेत बसतो आणि तो अजून तेच म्हणतो. तेव्हा त्यालाच समोर बसवून सांगतोय असं समजून हे लिहितो.

रविवारची उपासना आणि उपदेश हा आमच्या कामाचा दर्शनी भाग. उरलेले सहा दिवस मोटारसायकलवर जातात. आजाऱ्याजवळ बसायचं, बाळाचं नाव ठेवायचं, लग्नात रुसलेल्या दोन्हीकडच्या मंडळींना जेवायला बसवायचं, मयतीला खड्डा खणायला माणसं गोळा करायची. आणि घरभेटी. प्रत्येक ख्रिस्ती घरी महिन्यातून एकदा तरी जायचं, विचारपूस करायची, एक शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचा, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा. माझी साखर घरभेटींनी वाढवली, असं डॉक्टर म्हणतात.

शेजारपाजारचे हिंदू शेतकरी मला 'फादर' म्हणायचे. मग कधी माझी बायको शालिनी बरोबर असली की त्यांची पंचाईत व्हायची. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "फादर, वरच्या सायबास्नी हे ठावं हाय का?" आमच्या पंथात पाळकाला लग्नाची मोकळीक असते, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण त्याचा विश्वास काही बसला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक असत. एकानं जुना ट्रॅक्टर विकत घेतला आणि त्यावर प्रार्थना करायला मला बोलावलं. मी हात वर करून चांगली प्रार्थना केली. आमेन म्हणतोय तेवढ्यात तो म्हणाला, "मागच्या डाव्या टायरवर जरा येगळी करा सायेब, त्यो रिमोल्डचा हाय, वरनं रबर चढवल्याला." केली. तो टायर पुढं दोन हंगाम टिकला, असं त्यानं मला येऊन सांगितलं होतं.

आता मूळ गोष्ट. माझ्याकडं आधी फक्त बारामतीची मंडळी होती. मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारी ख्रिस्ती कुटुंबं. नंतर इंदापूर तालुक्यातल्या सणसरची आठ-नऊ घरांची मंडळीही माझ्याकडं आली. अंतर अर्ध्या तासाचं. एका सकाळी दोन्हीकडं उरकावं, असा माझा बेत होता आणि दोन रविवार तो मी करूनही पाहिला. पण सणसरला याकोबतात्या होते.

याकोबतात्या तिथले पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी. चार एकर ऊस, पांढरं धोतर, खणखणीत आवाज. उपासनेची पत्र्याची शेड त्यांनीच आपल्या वावराच्या कडेला बांधून दिली होती. शेवटची प्रार्थना करायचा मान त्यांचा आणि ती प्रार्थना वीस-पंचवीस मिनिटं चालायची. तीत सगळ्या गावाची आजारपणं यायची, पाऊस यायचा, कारखान्याची ऊसतोड यायची, पंतप्रधान यायचे. पोरं उभ्या उभ्या झोपायची. तिकडं तात्यांचं आमेन होईतो इकडं बारामतीची मंडळी वाट पाहून घरी गेलेली असायची. शेवटी मी एक रविवार बारामती, एक रविवार सणसर असं ठरवून टाकलं. मी नसेन तिथं पंच उपासना चालवायचे.

या ठरवण्यात माझी जी चूक झाली ती दोन मंडळ्यांच्या पाळकालाच सुचेल अशी आहे. मी उपदेश वहीत लिहितो. शास्त्रातला उतारा मोठा असला तर त्याचे दोन भाग करतो, एक या रविवारी, दुसरा पुढच्या. वीस वर्षांची सवय. तर एकदा मी प्रेषिताच्या एका पत्रातला उतारा घेतला, अधीन राहण्याबद्दलचा. नोकरानं धन्याचं ऐकावं, धनी वाकड्या स्वभावाचा असला तरी. काही वाईट न करता मार खावा लागला आणि तो धीरानं सोसला तर देवाला ते मोलाचं वाटतं, कारण ख्रिस्तानंही शिवीला शिवी दिली नाही. मग बायकांनी नवऱ्यांच्या अधीन असावं. इथपर्यंत पहिला भाग. आणि लगेच पुढं नवऱ्यांना सांगितलंय की बायकोला मान द्या, ती तुमच्याबरोबरीची वारस आहे, नाहीतर तुमच्या प्रार्थना अडतील. हा दुसरा भाग.

पहिला भाग सणसरला झाला. पुढचा रविवार अर्थातच बारामतीचा. वहीत पुढचं पान होतं, ते मी बारामतीला वाचलं. आणि वही बंद केली.

पहिल्या भागावर मी जीव ओतला होता, खोटं कशाला सांगू. त्यासाठी माझ्याकडं शांतवनची खरी गोष्ट होती. शांतवन आमच्या बारामतीच्या मंडळीतला, एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. तिथला एक सुपरवायझर त्याला रोज येता-जाता टाकून बोलायचा. जातीवरून, धर्मावरून, काही बाकी ठेवायचा नाही. शांतवन रोज उठून उभा राहायचा आणि गेट उघडायचा. पावसाळ्यात एकदा गेटसमोरच त्या माणसाची मोटारसायकल घसरली. शांतवननं त्याला उचलून खुर्चीवर बसवलं, गुडघा धुतला, आपला रुमाल बांधला, आपल्या डब्यातला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी रुमाल धुऊन, इस्त्री करून परत आला आणि तेव्हापासून तो माणूस त्याला 'शांतवनराव' म्हणतो. मी ही गोष्ट सणसरला सांगितली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही शिकवण खरी आहे, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. तिच्यात फार मोठी ताकद आहे. फक्त मी ती अर्धी कापून वाटली.

बारामतीला दुसऱ्या भागानं धमाल उडवली. प्रार्थना अडतात हे ऐकून पुरुषमंडळी हादरली होती. पुढच्या घरभेटींत तीन घरी चहा नवऱ्यांनी केला, त्यातल्या एकाची चव तर अजून तोंडातून जात नाही. शालिनीनं त्या दुपारी माझ्यासमोर लसणाचा वाडगा ठेवला आणि म्हणाली, "आज फार छान बोललात. आता हा सोला." मी सोलला. अजून सोलतोय.

आणि सणसरला काय झालं? तिथं याकोबतात्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली. "पाळकसायेब, त्या उपदेशानं आमच्या घरात लई शांती झाली बगा." मला केवढा आनंद झाला. मी घरभेटीच्या वहीत तात्यांच्या नावापुढं 'घरात शांती' असं लिहूनसुद्धा ठेवलं. ती वही अजून माझ्याकडं आहे आणि ते पान उघडलं की मला माझीच लाज वाटते.

तात्यांच्या घरात तिघं. तात्या स्वतः, मुलगा प्रकाश आणि सून एस्तेर. प्रकाश उसाच्या ट्रॅक्टरवर होता, कामाला वाघ पण डोक्यानं भडक. एस्तेर माहेरची वरकुट्याची. शाळेत असताना शास्त्रपाठ पाठांतराच्या स्पर्धेत तिला कुणी हरवू शकत नव्हतं, आणि आवाज असा की तिनं गाणं उचललं की पेटीवाला मागं पडायचा. ती स्कूटीवरून बारामती एमआयडीसीत एका डेअरीत दुधाच्या पिशव्यांच्या पॅकिंगला जायची. त्या उपदेशानंतरच्या वर्षात ती गायची थांबली. मी विचारलं तर म्हणाली, "घसा बसलाय." मी तिला हळद-दूध घ्यायला सांगितलं. पाळकाच्या नजरेची तारीफ करावी तेवढी थोडी.

वर्ष होत आलं असेल. एका गुरुवारी दुपारी एस्तेर आमच्या दारात उभी राहिली. पाळी सुटून थेट आली होती, कपाळावर पॅकिंगच्या टोपीचा वळ होता. शालिनीनं पाणी दिलं. ती खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"पाळकसाहेब, आमच्या मंडळीचा अर्धा उपदेश तुमच्याकडं राहिलाय."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. डेअरीत तिच्याच लायनीवर बारामतीच्या मंडळीतली एक बाई होती. डबा खाताना ती बाई म्हणाली की आमच्या पाळकांनी असा उपदेश दिला की माझा नवरा आता सकाळचा चहा करतो. एस्तेर म्हणाली, आमच्या पाळकांनी असा उपदेश दिला की माझा सासरा आता म्हणतो, मार खाल्लास तर तोंड मिटून खा, देवाला ते आवडतं. दोघींनी उतारा विचारला. एकच पत्र निघालं. पाळकही एकच निघाला.

"पुढचं मला पाठ होतं," एस्तेर म्हणाली. "पण मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही तितंच थांबलात म्हणजे थांबायचंच असंल."

तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या. मनगटावर निळं पडलं होतं. शालिनीनं ते पाहिलं, मीही पाहिलं. मग मी जे बोललो ते आठवून अजून अंगावर काटा येतो. मी म्हणालो, "बाई, पण धीर धरणं..."

"धीर धरलाय की," ती शांतपणे म्हणाली. "गाल पुढं करा असं प्रभू म्हणाला, खरं हाय. पण त्याच्या चौकशीच्या वेळी शिपायानं त्याला थोबाडीत दिली, तवा त्यानं विचारलंच की, मी काय चुकीचं बोललो ते सांग, आणि न्हाय तर मला मारतोस कशाला? शिवी दिली न्हाय, पण विचारलं. मला बी विचारायचंय. घरात मी विचारलं की तात्या तुमचं नाव घेतात. म्हणून तुमच्याकडं आले."

मी पंचवीस वर्षं हा शास्त्रपाठ वाचत होतो. असा कधी वाचला नव्हता.

शालिनी तिला म्हणाली, "आजच इथं राहा. पुढची खोली तुझी." एस्तेरनं मान हलवली. "आज न्हाय, पाळकीणबाई. पळून आली म्हणतील. पहिला अर्धा समद्यांसमोर सांगितलात, उरलेला बी समद्यांसमोर सांगा. मग बघू." आणि स्कूटी सुरू करून गेली.

म्हणजे काम अगदी सोपं होतं. येत्या रविवारी सणसरला उभं राहायचं आणि वहीतलं पुढचं पान वाचायचं. मी गेलो. तात्यांनी दारातच सांगितलं की आज पाहुणे आलेत, उपदेश आटपता घ्या. मी आटपता घेतला, भलत्याच विषयावर. त्यापुढच्या सणसरच्या रविवारी तात्या म्हणाले, पावसावर बोला, लोकं घोरात हायती. मी पावसावर बोललो. दोन्ही वेळा एस्तेर बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर शास्त्र उघडं, त्याच पानावर. दोन्ही वेळा तिनं ते मिटलं.

का नाही बोललो? शेड तात्यांची, जमीन तात्यांची. त्यांचं बिनसलं तर आठ घरं उन्हात बसतील, असं मी मनाला सांगत होतो. मी तात्यांची मनमानी सोसतोय, मंडळीसाठी नमतं घेतोय, असंही सांगत होतो. शालिनीसमोर हे बोललो तेव्हा ती भांडी घासत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"सोसतेय ती. तुम्ही नुसते घाबरलाय. याला शास्त्रातला शब्द लावू नका."

मी फडकं घेतलं आणि तिनं घासलेली भांडी पुसत बसलो.

मग आला कापणीचा सण. आमच्याकडं वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस. प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी आणतं. ऊस, मका, डाळिंबं, भोपळे, कोंबडी, घरचं तूप. ते सगळं पुढं मांडायचं, देवाचे आभार मानायचे आणि मग लिलाव करायचा. लिलावात गावची हिंदू शेजारी मंडळीही हौसेनं येतात. पलीकडच्या वस्तीवरचे बिराजीआबा दरवर्षी यायचे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि गोठा. ते दरवर्षी कोंबड्यावर बोली लावायचे आणि तोच कोंबडा पुढच्या वर्षी परत लिलावाला आणायचे.

आदल्या दिवशी तात्यांचा फोन आला. "उद्या सणाचं बोला, पाळकसायेब. आनंदाचा दिस हाय." मी बरं म्हणालो आणि सणाचा उपदेश लिहून काढला. शालिनी माझ्यामागं मोटारसायकलवर बसली तेव्हा तिच्या पर्समध्ये पुढच्या खोलीची किल्ली होती. मला तिनं ती दाखवली.

शेड भरली होती. गाणी झाली. मग साक्षीची वेळ. साक्ष म्हणजे कुणीही उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. एकानं म्हैस व्याल्याचं सांगितलं, एकानं पोराला नोकरी लागल्याचं. मग एस्तेर उठली. तिनं शास्त्र हातात घेतलं नव्हतं.

ती माझा उतारा म्हणू लागली, तोंडपाठ. नोकर, धनी, सोसणं, ख्रिस्ताचं उदाहरण. तात्या मान डोलवत होते. मग बायकांचा भाग आला. मी वर्षापूर्वी जिथं वही बंद केली होती ती ओळ आली. तिथं तिनं एक श्वास घेतला. आणि पुढं म्हणू लागली. नवऱ्यांनो. बायकोला मान. बरोबरीची वारस. प्रार्थना अडू नयेत म्हणून. एकही शब्द चुकला नाही आणि आपला एकही शब्द तिनं घातला नाही. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. "एवढंच," म्हणाली आणि बसली.

तात्यांची मान डोलायची थांबली होती. प्रकाश पुरुषांच्या मागच्या रांगेत पत्र्याच्या खांबाला टेकून उभा होता, तो खाली बघत होता.

उपदेशाची वेळ झाली. मी उठलो. सणाच्या उपदेशाचे कागद खिशात होते आणि ते तिथंच राहिले.

"मी तुम्हाला वर्षापूर्वी अर्धा उपदेश दिला," मी म्हणालो. "उरलेला बारामतीला देऊन टाकला. चूक माझी. ती कळल्यावरही मी दोन रविवार गप्प बसलो, ती त्याहून मोठी चूक. या बहिणीनं आत्ता म्हटलं तो पूर्ण पाठ. शांतवननं शिवी सोसली, पण 'शिव्या सोस' असं त्याला त्या सुपरवायझरनं शिकवलं नव्हतं. सोसायचं की नाही हे सोसणाऱ्यानं ठरवायचं असतं. मारणाऱ्यानं ते दुसऱ्याला शिकवायचं नसतं, आणि मारणाऱ्याच्या घरच्यांनी तर मुळीच नाही. इथून पुढं ज्या घरात बाईवर हात उठतो, तिथं सोसा असं माझ्या नावानं कुणी म्हणू नये. त्या बाईला आमच्या घरी जागा आहे. किल्ली पाळकीणबाईंकडं आहे."

शालिनीनं पर्समधून किल्ली काढून मांडीवर ठेवली.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा उपदेश तो. मी खाली बसलो आणि पत्र्याच्या छपराकडं शेवटचं बघून घेतलं.

आता शेवटची प्रार्थना. याकोबतात्या उठले. सवयीनं पोरांनी पाय सैल केले, भिंतीला टेकली. तात्यांनी डोळे मिटले, हात वर केले, घसा खाकरला. "हे स्वर्गीय पित्या," म्हणाले. आणि थांबले.

आम्ही थांबलो. बाहेर कोंबडा आरवला, बिराजीआबांचाच. तात्यांनी पुन्हा घसा खाकरला. "हे स्वर्गीय पित्या..." पुढं शब्द येईना. पाऊस नाही, ऊसतोड नाही, पंतप्रधान नाहीत. ओठ हलत होते, कपाळाला घाम आला होता. शेवटी हात खाली आले आणि ते हळूच म्हणाले, "आमेन."

भिंतीला टेकलेली पोरं दचकून सरळ झाली. बिराजीआबा शेजारच्याला म्हणाले, "आज तात्याची गाडी इस्टार्टच झाली न्हाय." कुणी हसलं नाही.

लिलाव झाला, कसाबसा. एस्तेरनं परसातला भोपळा आणला होता, तो शालिनीनं घेतला. मग एस्तेर घरात गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. ती भरायला तिला वेळ लागला नाही, सकाळीच भरलेली असावी. पिशवी स्कूटीला अडकवली, भोपळा पायाशी ठेवला, शालिनी तिच्यामागं बसली. प्रकाश दारात आला. "कुठं निघालीस?" त्यानं विचारलं, पण आवाज चढवला नाही. सगळी मंडळी बघत होती.

"पाळकसाहेबांकडं," ती म्हणाली. "तुमी मला का मारता, ते सुचलं की सांगायला या."

आमच्या पुढच्या खोलीत ती महिनाभर राहिली. तो महिना आमच्या घरानं कधी नव्हे इतकी गाणी ऐकली. कणीक मळताना, स्कूटी पुसताना, सकाळी सहाच्या पाळीला निघताना. घसा म्हणे बसला होता. मी लसूण सोलत बसायचो आणि ती मला पाठांतरात हरवायची.

प्रकाश पहिल्या आठवड्यात तावातावानं आला. शालिनीनं त्याला गेटवरच पाणी दिलं आणि गेट उघडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आला तो नुसताच उभा राहिला. तिसऱ्या रविवारी बारामतीच्या उपासनेत मागं येऊन बसला. उपासनेनंतर शांतवन त्याला आपल्या घरी जेवायला घेऊन गेला. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी प्रकाश गेटवर आला आणि एस्तेरला म्हणाला, "सुचंना. काय बी कारण सुचंना." मग तिथंच रडला. एस्तेर आतून बघत होती. ती म्हणाली, "बरं. आता तात्यास्नी येऊ द्या."

तात्या चौथ्या आठवड्यात आले. एसटीनं, एकटे, हातात उसाच्या दोन कांड्या. खुर्चीत बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. दाढी वाढलेली होती.

"पाळकसायेब, माजी प्रार्थना अडलीया," ते म्हणाले. "त्या दिसापास्नं. सकाळी बसतो, संध्याकाळी बसतो. सुरुवातच हुईना. पित्या म्हणतो आन पुढं हिचं तोंड दिसतं."

मी काही बोलणार होतो, शालिनीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. एस्तेर आतून येऊन उभी राहिली.

"त्यो मारायचा," तात्या तिच्याकडं बघत म्हणाले, "आन मी शास्त्र सांगायचो. त्याच्यापरीस माजं पाप मोठं हाय. माफ कर म्हणायला बी तोंड न्हाय मला."

"तात्या, माफ केलं," एस्तेर म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "पण पुन्ना हात उठला तर?"

"तर घरातनं त्यो जाईल. तू न्हाय. समद्या मंडळीसमोर सांगतो हे."

तिनं कप त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "मग चहा घ्या, निवतोय." तात्यांनी चहा घेतला. मी बाहेर जाऊन स्कूटीची हवा बघितली.

तात्यांनी शब्द पाळला. पुढच्याच सणसरच्या रविवारी त्यांनी आणि प्रकाशनं दोघांनी उभं राहून सगळं सांगितलं, आणि मग एस्तेर घरी गेली. प्रकाश काही देवदूत झाला नाही. त्याचा आवाज अजून ट्रॅक्टरच्या वर चढतो. पण हात उठला नाही, हे मला एस्तेरनं सांगितलंय, आणि मी दर महिन्याला विचारत होतो. माझी घरभेटीची पद्धतच त्यानंतर बदलली. आधी चुलीपाशी जाऊन घरातल्या बाईला एकटीला विचारायचं, मग ओट्यावर येऊन पुरुषांना. 'घरात शांती' हे शब्द वहीत पुन्हा कधी कुणा पुरुषाच्या सांगण्यावरून लिहिले नाहीत. शेडही होती तिथंच राहिली. मी तिच्यासाठी उगाचच भीत होतो.

माझ्या निवृत्तीचा निरोप सणसरलाच झाला. हार झाले, भाषणं झाली, बिराजीआबांनी मला कोंबडा दिला, तोच. शेवटी प्रार्थनेला याकोबतात्या उठले. आता थकलेत, काठी लागते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. आधी बायकांच्या बाजूला बघितलं. ही त्यांची नवी रीत. एस्तेरकडं बघितल्याशिवाय ते प्रार्थना सुरू करत नाहीत, आणि सगळ्या मंडळीला आता त्याची सवय झालीय.

एस्तेर मांडीवरच्या लेकीचं झबलं नीट करत होती. तिनं वर पाहिलं, तात्यांना जरा ताटकळत ठेवलं आणि मग हसून मान हलवली.

तात्यांनी डोळे मिटले. पंचवीस मिनिटं प्रार्थना चालली. पाऊस आला, ऊसतोड आली, पंतप्रधान आले, मी आलो, माझी साखरसुद्धा आली. मी एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही.